परिचालन प्रणालीची निवड : मुक्तस्रोत, बाजारपेठ आणि सार्वजनिक हित

संगणकासाठी विंडोज चांगली की लिनक्स, मोबाइलसाठी अँड्रॉइड घ्यावा की आयफोन, हा वाद तरुणांच्या गप्पांत नेहमीचाच आहे. वेग, रूप, किंमत, खेळांची उपलब्धता अशा निकषांवर प्रत्येक जण आपापल्या पसंतीचे समर्थन करतो. व्यक्तीच्या बाबतीत एवढा विचार पुरेसा ठरतो, कारण निवड चुकली तरी नुकसान एका यंत्रापुरते राहते. शासनाच्या बाबतीत प्रश्नाचे स्वरूप बदलते. पोलीस ठाण्यात आज नोंदविलेली प्रथम खबर वीस वर्षांनी अपिलाच्या सुनावणीत लागू शकते. तोपर्यंत ठाण्यातील संगणक तीन-चार वेळा बदललेला असतो, त्यावरील प्रणाली कालबाह्य झालेली असते आणि ती विकणारी कंपनी टिकलेली असेलच याची खात्री नसते. नोंद मात्र उघडता आली पाहिजे आणि वाचताही आली पाहिजे.

म्हणूनच सार्वजनिक खरेदीत ‘कोणती प्रणाली श्रेष्ठ’ या प्रश्नाइतकाच ‘ही प्रणाली उद्या सोडायची ठरल्यास कोणत्या किमतीला सोडता येईल’ हा प्रश्न महत्त्वाचा असतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा अर्थशास्त्रीय विचार केला आहे. त्यासाठी नवी दिल्लीतील आर. के. पुरम येथून राबविल्या गेलेल्या एका राष्ट्रीय प्रकल्पाचे उदाहरण घेतले आहे.

मूलभूत संकल्पना

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे परिचालन प्रणाली ही यंत्र आणि त्यावरील उपयोजने यांच्यामधील दुवा असते. स्मृती, फाइली, कळफलक, पडदा, जाळ्याशी जोडणी या सर्वांचे व्यवस्थापन ती करते. संगणकाला कळणाऱ्या आज्ञा ज्या मूळ रूपात लिहिल्या जातात, त्या रूपाला स्रोतसंहिता म्हणतात. स्वामित्वाधीन सॉफ्टवेअरमध्ये ही संहिता कंपनीकडेच राहते आणि ग्राहकाला केवळ वापराचा परवाना मिळतो. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये संहिता वाचण्याचा, बदलण्याचा व पुन्हा वितरित करण्याचा हक्क परवान्यानेच दिलेला असतो.

या विचाराचा पाया रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पाने घातला. १९८९ मध्ये त्याचा सर्वसाधारण सार्वजनिक परवाना आला. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा जगासमोर ठेवला. २०१७ पासून जगातील सर्वात वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतील सर्व यंत्रे लिनक्सवर चालतात.

मुक्त म्हणजे फुकट नव्हे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. संहिता मोफत मिळाली तरी ती बसविणे, सांभाळणे, दुरुस्त करणे आणि कर्मचाऱ्यांना शिकविणे या सेवांना मोल पडते. रेड हॅट ही कंपनी प्रामुख्याने अशा सेवांवरच वाढली आणि २०१९ मध्ये आयबीएमने ती सुमारे ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली.

बाजार एकवटतो का?

परिचालन प्रणालींच्या बाजारात मोजकेच विक्रेते टिकतात, याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण खर्चाच्या रचनेत आहे. प्रणाली तयार करण्याचा स्थिर खर्च प्रचंड असतो, पण तिची आणखी एक प्रत काढण्याचा सीमांत खर्च जवळजवळ शून्य असतो. ज्याचे ग्राहक अधिक, त्याचा सरासरी खर्च कमी; त्यामुळे मोठा विक्रेता अधिक मोठा होत जातो.

दुसरे कारण म्हणजे जालपरिणाम. ज्या प्रणालीवर वापरकर्ते अधिक, तिच्यासाठी उपयोजने लिहिणारे अधिक. आणि उपयोजने अधिक असली की वापरकर्ते आणखी वाढतात. प्रशिक्षणसुद्धा याच चक्राचा भाग असते. महाराष्ट्रात २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून लाखो विद्यार्थ्यांनी संगणकाचे पहिले धडे प्रामुख्याने विंडोज व मायक्रोसॉफ्ट ऑफिसवर घेतले. त्याच वर्षी आकाराला आलेल्या केरळच्या ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पाने पुढे शाळांसाठी मुक्त सॉफ्टवेअरचा मार्ग स्वीकारला. दोन्ही राज्यांनी संगणक साक्षरतेचा प्रसार केला. पण कर्मचाऱ्यांच्या हातांना पडलेली सवय भिन्न राहिली, आणि पुढील खरेदीवर सवयीचा प्रभाव पडतोच.

तिसरे कारण म्हणजे बदलाचा खर्च. एका प्रणालीवरून दुसरीवर जाताना जुन्या फाइली, जुनी उपयोजने आणि जुने कौशल्य यांचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहतो. हा खर्च वाढत गेला की ग्राहक मनाविरुद्धही जुन्याच विक्रेत्याकडे अडकून राहतो. मराठी वाचकांना हा अनुभव टंकांच्या, म्हणजे फॉण्टच्या, रूपाने परिचित आहे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांसारख्या टंकांची सांकेतिक रचना वेगवेगळी होती. एका टंकात लिहिलेला मजकूर तो टंक नसलेल्या संगणकावर उघडला की पडद्यावर निरर्थक चिन्हे दिसत. मजकूर कार्यालयाचा असला तरी तो वाचण्याची किल्ली टंकनिर्मात्याकडे राही. देवनागरीसह जगातील लिप्यांना एकच सामाईक संकेतन देणाऱ्या युनिकोडमुळे ही अडवणूक संपली. येथे सॉफ्टवेअर मुक्त होते की स्वामित्वाधीन, हा मुद्दा दुय्यम ठरला. सुटका झाली ती खुल्या प्रमाणकामुळे.

आर. के. पुरम येथील उदाहरण

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची, म्हणजे एनसीआरबीची, स्थापना १९८६ मध्ये झाली. अनेक वर्षे या संस्थेचे कार्यालय आर. के. पुरममधील ईस्ट ब्लॉक-७ येथे होते. नंतर ते महिपालपूर येथे हलले. देशभरातील पोलीस ठाण्यांच्या संगणकीकरणात या संस्थेने मध्यवर्ती भूमिका बजावली.

पोलीस दलांच्या आधुनिकीकरणाच्या योजनेतून २००४-०५ पासून ‘सीपा’ हे सामाईक पोलीस उपयोजन ठाण्यांत बसविण्यास प्रारंभ झाला. ते राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केले होते आणि लिनक्स, जावा व पोस्टग्रेस या मंचावर उभे होते. परवान्याच्या खर्चाचा व परावलंबनाचा प्रश्न येथे बव्हंशी सुटलेला होता. तरीही ‘सीपा’ची मोठी मर्यादा लवकरच स्पष्ट झाली. ते प्रत्येक ठाण्यात स्वतंत्रपणे चालणारे उपयोजन होते. एका ठाण्यातील माहिती दुसऱ्या ठाण्याला सहज उपलब्ध होत नव्हती. गुन्हेगार जिल्ह्याची सीमा ओलांडून गेला तरी त्याची नोंद मात्र ठाण्यातच राही.

ही उणीव दूर करण्यासाठी १९ जून २००९ रोजी केंद्र सरकारने सीसीटीएनएस, म्हणजे गुन्हे व गुन्हेगार शोध जाळे, या प्रकल्पास मंजुरी दिली. त्यासाठी २,००० कोटी रुपयांची तरतूद झाली आणि सुमारे १४,००० पोलीस ठाणी व ६,००० वरिष्ठ कार्यालये जोडण्याचे उद्दिष्ट ठरले. गाभ्याचे उपयोजन एकदाच तयार करून राज्यांना द्यावे व राज्यांनी आपल्या गरजेनुसार त्यात भर घालावी, अशी रचना स्वीकारण्यात आली.

येथे निवडीचा प्रश्न पुन्हा समोर आला. सर्व राज्यांवर एकच तंत्रज्ञान लादले असते, तर एका विक्रेत्याच्या हाती संपूर्ण देशाचे पोलीस दल गेले असते. प्रत्येक राज्याला पूर्ण मोकळीक दिली असती, तर ‘सीपा’च्या काळातील बेटेच राज्याच्या पातळीवर पुन्हा निर्माण झाली असती. यावर काढलेला मार्ग अभ्यासण्याजोगा आहे. राज्यांसाठीचे गाभा-उपयोजन दोन स्वतंत्र तंत्रसंचांवर तयार करण्यात आले. एक संच जावावर, तर दुसरा मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटवर आधारित होता. राज्यांना यांतून निवड करता आली. कर्नाटकासारख्या राज्याकडे आधीपासूनच स्वतःची पोलीस माहिती प्रणाली होती. या सर्वांकडून राष्ट्रीय कोशाकडे जाणाऱ्या माहितीची रचना मात्र समान असणे बंधनकारक होते.

यातून धोरणाचे एक तत्त्व हाती येते. मंच अनेक असू शकतात. माहितीचे प्रमाणक एकच हवे. ‘सीपा’ मुक्तस्रोत असूनही जोडणीअभावी अपुरे पडले. सीसीटीएनएसमध्ये मुक्त व स्वामित्वाधीन तंत्रज्ञान शेजारी नांदले, कारण दोहोंना जोडणारी भाषा सामाईक होती.

पोलिसांकडून न्यायालयाकडे

हेच तत्त्व पुढील टप्प्यावर अधिक स्पष्ट होते. ई-न्यायालय प्रकल्पात सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने मुक्तस्रोताचा आधार स्वीकारला. न्यायाधीश व कर्मचारी यांना लिनक्सच्या उबंटू या आवृत्तीचे प्रशिक्षण देण्यात आले. जिल्हा व तालुका न्यायालयांतील खटल्यांची नोंद ठेवणारी सीआयएस ही प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील चमूने विकसित केली.

म्हणजे एखाद्या ठाण्यातील आरोपपत्र एका तंत्रसंचावर तयार होते आणि न्यायालयातील खटला दुसऱ्या मंचावर चालतो. या दोहोंसह कारागृहे, न्यायसहायक प्रयोगशाळा व अभियोग कार्यालये यांना जोडण्यासाठी आंतर-परिचालनक्षम फौजदारी न्याय प्रणाली उभी राहिली. २०२२ मध्ये तिच्या दुसऱ्या टप्प्यास ३,३७५ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली आणि अंमलबजावणीची जबाबदारी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे सोपविण्यात आली. कच्च्या कैद्याचा जामीन मंजूर झाल्याची माहिती कारागृहापर्यंत किती लवकर पोहोचते, हे अशा जोडणीवर अवलंबून असते. आंतर-परिचालनक्षमता हा रूक्ष वाटणारा शब्द या ठिकाणी थेट व्यक्तिस्वातंत्र्याशी येऊन भिडतो.

खर्चाचा हिशेब कसा मांडावा?

निविदांची तुलना करताना केवळ परवान्याची किंमत पाहणे ही नेहमीची चूक आहे. योग्य निकष म्हणजे आयुर्मान खर्च. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका कार्यालयात १०० संगणक आहेत. स्वामित्वाधीन पर्यायात दर पाच वर्षांनी परवान्यांसाठी १० लाख आणि देखभालीसाठी दरवर्षी २ लाख रुपये लागतात. मुक्तस्रोत पर्यायात परवाना खर्च शून्य; पण सुरुवातीस प्रशिक्षणासाठी ५ लाख व जुन्या फाइलींच्या रूपांतरासाठी ४ लाख, तर देखभालीसाठी दरवर्षी ३ लाख रुपये लागतात.

पहिल्या पाच वर्षांत स्वामित्वाधीन पर्यायाचा खर्च २० लाख व मुक्तस्रोताचा २४ लाख होतो. दहा वर्षांचा विचार केल्यास हे आकडे अनुक्रमे ४० लाख व ३९ लाख असे येतात. दुसऱ्या खेपेस परवान्याची किंमत दीडपट झाली, तर पहिला आकडा ४५ लाखांवर जातो. यावरून दोन गोष्टी दिसतात. निष्कर्ष हिशेबाच्या कालावधीवर अवलंबून असतो. आणि भविष्यातील किंमत ठरविण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हा स्वतंत्र जोखमीचा घटक असतो. प्रत्यक्ष मूल्यमापनात भावी खर्चाचे वर्तमान मूल्य काढणेही आवश्यक असते.

किमतीखेरीज आणखी दोन जोखमी आहेत. एक म्हणजे सेवासमाप्तीचे वेळापत्रक. विंडोज एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्ये आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नव्या आवृत्तीच्या अटी पूर्ण न करणारी, पण एरवी चालू स्थितीतील यंत्रे त्यामुळे अडचणीत येतात. दुसरी जोखीम सेवाखंडनाची. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर नायरा एनर्जी या भारतीय तेलशुद्धीकरण कंपनीच्या मायक्रोसॉफ्ट सेवा थांबविण्यात आल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. भारतीय कायद्यानुसार चालणाऱ्या उद्योगाचे दैनंदिन काम परदेशातील निर्णयाने थांबू शकते, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

धोरणाची वाटचाल

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या प्रमाणकांचे धोरण जाहीर केले. २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वीकाराचे धोरण आले. त्यानुसार निविदाकारांनी मुक्तस्रोत पर्यायाचा विचार करणे आवश्यक ठरले. तो वगळल्यास त्याचे समर्थन द्यावे लागते. क्षमता, सामरिक नियंत्रण, विस्तारक्षमता, सुरक्षा, आयुर्मान खर्च व साहाय्याची गरज या निकषांवर तुलना अपेक्षित आहे. धोरणाने स्वामित्वाधीन सॉफ्टवेअरवर बंदी घातलेली नाही. न घेण्याचे कारण सांगण्याचा भार मात्र बदलला. त्याच वर्षी शासकीय उपयोजनांची स्रोतसंहिता खुली करून सहकार्याने विकास करण्याचे धोरणही आले.

प्रत्यक्ष निर्मितीच्या बाजूला सी-डॅकने २००७ मध्ये लिनक्सवर आधारित ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली सादर केली. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये उबंटूवर आधारित ‘माया’ प्रणालीकडे वळण्याचा निर्णय घेतला.

मोबाइल : संहिता खुली, दार बंद?

अँड्रॉइडचा गाभा लिनक्सवर आधारलेला असून त्याची मूळ संहिता खुली आहे. मात्र ग्राहकाला हव्या असणाऱ्या प्ले स्टोअरसारख्या सेवा गुगलच्या मालकीच्या आहेत आणि त्या करारानेच मिळतात. या करारांतील अटींबाबत भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम दिलासा नाकारल्यावर गुगलने भारतासाठी अटींत बदल जाहीर केले. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला. आयोगाचे चार निर्देश मात्र रद्द केले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. संहिता खुली असणे ही स्पर्धेची आवश्यक अट असू शकते, पण पुरेशी अट नसते, हा यातील बोध आहे.

याच क्षेत्रातील दुसरे उदाहरण उलट बाजू दाखविते. मोझिलाने फायरफॉक्स ओएस या मोबाइल प्रणालीचा फोनसाठीचा विकास थांबविला. संहिता खुली असल्याने तिच्यापासून कायओएस निर्माण झाली आणि २०१७ मध्ये जाहीर झालेल्या जिओफोनमध्ये तीच वापरली गेली. मूळ निर्मात्याने सोडून दिलेली संहिता अशा रीतीने १,५०० रुपयांच्या परतयोग्य अनामतीवर मिळणाऱ्या फोनमधून सामान्य भारतीयांच्या हाती पोहोचली. स्वामित्वाधीन प्रणाली बंद पडली असती, तर हा मार्ग सहसा उपलब्ध नसता.

मुक्तस्रोताच्या मर्यादा

मुक्तस्रोत संहितेत सार्वजनिक वस्तूची लक्षणे आढळतात. एकाच्या वापराने दुसऱ्याचा वाटा घटत नाही आणि कोणाला वगळता येत नाही. त्यामुळे सार्वजनिक वस्तूंची परिचित समस्या येथेही उद्भवते : लाभ सर्वांना, देखभालीचा भार मोजक्यांवर. २०१४ मधील हार्टब्लीड आणि डिसेंबर २०२१ मधील लॉग-फोर-जे या त्रुटींनी ही समस्या जगासमोर आणली. असंख्य संस्था ज्या संहितेवर विसंबून होत्या, ती सांभाळणारे हात अगदी थोडे होते. संहिता सर्वांना दिसते म्हणून ती कोणीतरी तपासलेलीच असते, असे मानता येत नाही.

संस्थात्मक सातत्य हीदेखील अडचण आहे. जर्मनीतील म्युनिक महानगरपालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जाण्याचे ठरविले, २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणकांचे स्थित्यंतर पूर्ण केले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळण्याचा निर्णय घेतला. प्रणाली बदलणे हा एका वर्षाचा कार्यक्रम नसून दीर्घकाळ टिकवावे लागणारे धोरण आहे, हे यावरून स्पष्ट होते.

समारोप

आर. के. पुरममधून राबविल्या गेलेल्या प्रकल्पाचा अनुभव वादाच्या दोन्ही टोकांना सावध करतो. केवळ मुक्तस्रोत स्वीकारल्याने जोडणी साधत नाही, आणि केवळ प्रस्थापित उत्पादन घेतल्याने सातत्याची हमी मिळत नाही. सार्वजनिक हिताच्या दृष्टीने तीन अटी आवश्यक ठरतात : माहिती खुल्या प्रमाणकांत असणे, करारात बाहेर पडण्याची तरतूद असणे आणि प्रणाली समजून दुरुस्त करू शकणारे मनुष्यबळ शासनाकडे असणे. मुक्तस्रोतामुळे या तिन्ही अटी पूर्ण करणे सुकर होते. पण त्यांसाठी लागणारा निधी व प्रशिक्षण यांची तरतूद अर्थसंकल्पातूनच करावी लागते. परवान्यावर वाचलेला पैसा देखभालीवर खर्च झाला नाही, तर ती बचत पुढील पिढीच्या नोंदींवरील कर्ज ठरते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. जालपरिणाम व बदलाचा खर्च या संकल्पना भारतीय उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. ‘मंच अनेक, प्रमाणक एक’ या तत्त्वाच्या आधारे सीसीटीएनएस प्रकल्पाचे परीक्षण करा.
३. २०१५ च्या मुक्तस्रोत स्वीकार धोरणातील तुलनेचे निकष सांगून आयुर्मान खर्चाचे महत्त्व विशद करा.
४. संहिता खुली असूनही बाजारात मक्तेदारीसदृश स्थिती का निर्माण होऊ शकते? स्पर्धा आयोगाच्या निर्णयाच्या संदर्भात चर्चा करा.